दुपारचा पांगुळ

माझा बा पांगुळ होता, पण पायानं चांगला धडधाकट होता. हे दर वेळी सांगावं लागतं म्हणून आधीच सांगून टाकते. पांगुळ ही आमची जमात. सूर्याचा सारथी पांगळा आणि आम्ही त्याची लेकरं, असं आमच्यात म्हणतात. सूर्य निघाला की त्याच्या पुढं होऊन गावाला कळवायचं, हे आमचं काम. म्हणून बा उजाडायच्या आत कुठल्या तरी गावाच्या शिवेत पोचायचा, वेशीजवळच्या झाडावर चढायचा, घोंगडं पांघरून फांदीवर बसायचा आणि तिथून हाळी द्यायचा. गाव ती अंथरुणात पडूनच ऐकायचं. पांगुळ ऐकलेली माणसं आमच्या भागात पुष्कळ भेटतील, पाहिलेली थोडीच.

मी पांगुळाची लेक, पण मी पाहिलाही नव्हता आणि ऐकलाही नव्हता. बायका-पोरी फेरीला जात नसत. बा घरी यायचा तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असायचं, आणि घरी आल्यावर तो तोंडातून शब्द काढायचा नाही. "सगळं बोलनं झाडावरच ठिवून येतोय," असं माय म्हणायची. आमच्या वालूरच्या बाजारात एखादी म्हातारी मला थांबवून सांगायची, "तुज्या बापाचा आवाज लय गोड हाय गं, काळजात जातोय." मी मान हलवायचे. मला वाटायचं, ही दुसऱ्याच कुणाच्या बापाबद्दल बोलतेय.

हाळीचे नियम मात्र मला पाठ होते. एकदा झाडावरून हाळी दिली की धर्म पावल्याशिवाय खाली उतरायचं नाही. गावातलं कुणीतरी उठून पसाभर ज्वारी, जुनेर, भाकरी, जे असेल ते घेऊन झाडाखाली यायचं. बा वरून विचारायचा, "कुन्या घरचं? कुनाच्या नावानं?" येणाऱ्यानं आपलं घर सांगायचं आणि आपल्या घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव सांगायचं. मग बा उगवतीकडं तोंड करून ते नाव पुकारायचा. सूर्याला कळायला हवं की या माणसाचं मागं कुणीतरी आहे. नाव पुकारलं की "धर्म पावला" म्हणायचं आणि उतरायचं. शिळी भाकरी चालायची, पण नावाशिवायची ताजी पोळीही चालायची नाही.

आणखी एक नियम होता. पांगुळाच्या स्वतःच्या घरचा धर्म त्याला लागत नाही. आपल्याच हातानं आपल्याच झोळीत टाकायचं, त्याला कसला धर्म म्हणायचा? तो नियम मला कधी जड वाटला नव्हता, कारण आमच्या घरचं तोवर कुणी मेलंच नव्हतं.

मग माय गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. अख्ख्या पंचक्रोशीच्या मेलेल्यांची नावं बानं सूर्याला सांगितली होती, पण मायचं नाव सांगायला त्याला कुणी देणारं पाहिजे होतं. गावातले लोक देणार ते आपल्या आज्या-पणज्यांच्या नावानं, पांगुळाच्या बायकोच्या नावानं कशाला देतील? दुसरा पांगुळही राहिला नव्हता. आमचे भाऊबंद कुणी ऊसतोडीला, कुणी हातगाडीवर. झाडावर चढणारा एकटा बा उरला होता. मायचं नाव तसंच राहिलं. बा फेरीला जायचा थांबला, आणि लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागला.

लोक म्हणायचे, भ्याला. त्यालाही कारण होतं. विद्यापीठाच्या नामांतराचं सगळीकडं पेटलेलं होतं. कुठं घरं जळाली, कुठं एस्टी अडवल्या, आणि गावोगाव पोरं काठ्या घेऊन पहारा देत. असल्या दिवसांत अंधारात झाडावर बसलेला माणूस दिसला तर त्याला कोण पांगुळ समजणार? एका गावात बाला खाली ओढलंच होतं. एका म्हाताऱ्यानं आवाज ओळखला म्हणून निभावलं. आता बा भ्याला म्हणून थांबला की माय गेली म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही. त्याला विचारायची सोय नव्हती. त्या दिवसांत त्यानंच एकदा मला विचारलं होतं, "एवढं कशापायी चाललंय गं?" मी म्हटलं, "एका नावासाठी, बा." मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "नावासाठीच आसतंय की," आणि खुरपं घेऊन निघून गेला.

पुढं माझं लग्न झालं. मी सेलूला आले. नवरा आमच्याच जमातीतला, पण त्यांच्या घरात दोन पिढ्या कुणी झाड चढलं नव्हतं. तो जिनिंगमध्ये कामाला होता. मी सातवी पास, म्हणून बालवाडीत लागले. तिथं एक कॉलेजातले सर यायचे, मुलांना पाट्या, खडू, चिवडा घेऊन. मोठ्या मनाचा माणूस. त्यांच्या डोक्यात आलं की भटक्या-विमुक्तांचा कलामहोत्सव भरवायचा, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं की बालवाडीतल्या बाईंचा बाप पांगुळ आहे. मग काय, सर हात धुऊन मागं लागले.

आम्ही दोघं वालूरला एस्टीनं गेलो. बा दारात दावं वळत बसला होता. सरांनी त्याच्या पायाला हात लावला. बा घाबरून उठलाच.

"बाबा, सेलूला तुमची कला सादर करायची. शाळेच्या मैदानावर. दुपारी तीन वाजता."

बानं माझ्याकडं पाहिलं. "दुपारी?"

"हो."

"तवा तर सूर्य वरच आसल. मंग मी कोन यायलाय म्हनून सांगू?"

सर म्हणाले, "बाबा, ते प्रतीकात्मक असतं." बानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी बालवाडीची बाई, मला सगळं समजावून सांगायची खोड. मी म्हटलं, "बा, नाटकात मेल्यावानी करतेत, खरं मरतेत का? तसं."

"मेल्यावानी करता येतंय," बा म्हणाला. "उगवल्यावानी कसं करावं?"

 सरांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं विषय संपला. पण सर उठायला लागले तसं बानं विचारलं, "मानसं कुठली येनार?"

"सगळीकडची! परभणी, गंगाखेड, सगळ्या तालुक्यांतली."

"आन तू?" त्यानं मला विचारलं.

"मी तिथंच की. मी न्हाई तर कोन?"

"येतो," बा म्हणाला. असा झटकन हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. गाडीत सर खुशीत होते आणि मी पार चक्रावून गेले होते. ज्यानं एवढ्या वर्षांत हाळी दिली नाही तो भर दुपारी, हसणाऱ्या लोकांपुढं कसा काय तयार झाला? मग मनात आलं, कदाचित पुन्हा सुरू करेल. आणि खरं सांगायचं तर मला स्वार्थ होता. मला त्याचा आवाज ऐकायचा होता.

महोत्सवाच्या दिवशी मी घरून भाकरी आणि ठेचा बांधून घेतला. हाळीच्या आधी बा काही खात नसे, हे मला माहीत होतं. उतरल्यावर खाईल, एवढाच विचार. मैदानावर मांडव, सतरंज्या, खुर्च्या, सगळं झोकात होतं. नंदीवाला आला होता, गोंधळी आले होते, वासुदेव होता, डोंबाऱ्याचं कुटुंब बांबू उभे करत होतं. आणि स्टेजवर एक थर्माकोलचं झाड होतं. चांगलं रंगवलेलं, पानाफुलांचं, त्याच्यामागं स्टूल लपवलेलं. बानं त्याला बोट लावून पाहिलं.

"ह्याच्यावर चिमनी तरी बसंल का?" तो म्हणाला, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाशी कडुलिंब होता तिकडं चालू पडला.

सुरुवातीला सरांनी माईकवरून एक गोष्ट सांगितली, आणि ती मला फार आवडली. ते म्हणाले, "आज इथे कुणीही कुणाला भीक घालायची नाही. कुणी ताट फिरवणार नाही, कुणी नाणं फेकणार नाही. ही माणसं भिकारी नाहीत, कलावंत आहेत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी बाच्या झोळीतल्या भाकरीवरची बुरशी खरवडून खाल्लेली मी. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांच्या प्रत्येक वाक्याला नंदीबैलानंही मान हलवली. पण तो सगळ्यालाच मान हलवतो, म्हणून तर नंदीबैल.

मग बाची पाळी आली. कडुलिंब सगळ्यांच्या पाठीमागं, त्यामुळं प्रेक्षकांना खुर्च्या फिरवून बसावं लागलं. स्टेजवरचे पाहुणे एकदम मागच्या रांगेत गेले. त्यांनाही कळेना, उठावं की बसावं. बा फांदीवर होता. डोक्यावर ऊन होतं, खाली पाचपन्नास पोरं बोट दाखवत होती. त्यानं घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं, तोंडसुद्धा झाकलं. स्वतःपुरता अंधार करून घेतला म्हणा ना.  कुणीतरी शिटी मारली. मला वाटलं, झालं, आता उतरतोय.

आणि मग ती हाळी आली.

"धरम जागा होऽऽ... गाव जागं होऽऽ... सूर्यादेव यायलाय... त्याच्या वाटंवर धरम करा, आपल्या मानसाचं नाव सांगा होऽऽ..."

वालूरच्या म्हाताऱ्या खोटं बोलत नव्हत्या. माझ्या घरात जो माणूस 'मीठ दे' एवढं बोलायलाही हातानं खुणावतो, त्याच्या पोटात हा आवाज इतकी वर्षं राहत होता? मला राग आला. खरंच राग आला. आम्हाला का नाही दिलास यातला थोडा, असं वाटलं. शेजारी काही लोक वर सूर्याकडं बघून हसत होते, कारण तो आलेलाच होता. काही जण डोळे मिटून बसले होते. मी हसू की रडू या पेचात नुसतीच उभी राहिले.

हाळी संपली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर माईकवर म्हणाले, "वा! धन्यवाद, बाबा! आता गोंधळ सादर होईल." लोकांनी खुर्च्या परत फिरवल्या.

बा उतरला नाही.

 मला कळलं काय झालंय, आणि त्या मैदानात दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. त्याची हाळी लागू झाली होती. टाळ्यांना तो धर्म मानणार नव्हता. आणि धर्म तर आज सरांनी माईकवरून बंद केलेला.

मी धावत जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी समजून घेतलं, एवढं त्यांचं मोठेपण. ते स्वतः शाल-श्रीफळ घेऊन झाडाखाली आले आणि दोन्ही हातांनी वर धरलं.

वरून आवाज आला, "कुन्या घरचं? कुनाच्या नावानं?"

सर गोंधळले. "बाबा, समितीच्या वतीनं."

"समितीचं कोन वारलंय?"

आजूबाजूचे हसले. सर नाही हसले. ते तसेच हात वर धरून उभे राहिले, आणि मला त्यांची फार दया आली. त्यांच्या घरात मेलेलं माणूस नव्हतं असं नाही, पण शाल समितीची होती. ती आपल्या वडलांच्या नावानं कशी देणार? तो माणूस प्रामाणिक होता, तिथंच अडलं. ते मला म्हणाले, "बाई, तुम्हीच काहीतरी करा," आणि माईककडं पळाले, कारण गोंधळी ताटकळले होते.

मी काय करणार? मी घरची. माझा धर्म त्याला लागत नाही. मी लोकांमध्ये फिरले, दोघातिघांना म्हटलं, "काही तरी द्या, आपल्या माणसाच्या नावानं." एकजण म्हणाला, "मघाशी तर सांगितलं, भीक घालायची नाही." दुसऱ्याला हा खेळाचाच भाग वाटला. म्हातारा बसलाय वर, मोठा नट आहे, असं तो बायकोला सांगत होता. एका बाईनं पर्स उघडली आणि विचारलं, "नाव कशाला लागतं?" मी समजावून सांगेपर्यंत तिच्या नवऱ्यानं तिला ओढून नेलं. ज्याचा सन्मान करायला एवढी माणसं जमली होती त्याला खाली उतरवायला त्यांतलं एकही माणूस सापडेना. यात चूक कुणाची हे मला सांगता येत नाही. मी सरांच्या बाजूनं विचार केला तर सर बरोबर, बाच्या बाजूनं केला तर बा.

ऊन कलायला लागलं होतं. मी झाडाच्या बुंध्याशी येऊन बसले. डोंबाऱ्याची बाई आपले बांबू सोडून आली होती, ती माझ्याजवळ टेकली.

"बाप हाय का तुजा?"

"हां."

"मंग दे की तूच काहीतरी."

"मी घरची. मला चालत न्हाई."

तिनं माझ्या गळ्यातल्या मण्यांकडं पाहिलं. "घरची कशी गं तू? तुला दिली न्हाई का दुसऱ्या घरी? लगीन झालं की लेक दिल्या घरची. तुजा बाप मेला तर सुतक सासरच्या रीतीनं धरशील, का म्हायेरच्या?"

मला तिचा असा राग आला! लग्नात हे सगळ्यांनी ऐकवलं होतं, सासूनं ऐकवलं होतं, शेजारणीनं ऐकवलं होतं. आता तू या घरची, तिकडचं विसर. दर वेळी मी मनातल्या मनात म्हणायचे, विसरते तुमची बया. आणि आता ही डोंबारीण, ना ओळख ना पाळख, तेच ऐकवत होती. तिला खडसावायला मी तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं.

भाकरी माझ्याजवळ होती. माझ्या सासरच्या जात्यावरचं पीठ, माझ्या चुलीवर भाजलेली. मी उठले. फडकं सोडलं. हात वर केला.  मला वाटत होतं, बा हसेल, नाहीतर म्हणेल, 'खुळी का काय, तू घरची.'

घोंगडं हललं. त्यानं खाली पाहिलं. मला ओळखलं नसेल असं होणं शक्य नाही.

"कुन्या घरची गं माउली तू?"

 परक्या बाईला विचारावं तसं विचारलं त्यानं. मी सासरचं आडनाव सांगितलं. माझ्या बापाला माझं आडनाव सांगितलं!

"कुनाच्या नावानं?"

आता माझ्या लक्षात आलं की मी मायचं नाव आयुष्यात कधी उच्चारलेलं नाही. माय ती माय. बासुद्धा तिला 'अगं ऐकलं का' म्हणायचा. घरात ते नाव कधी कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. मी ते सांगितलं, पण इतक्या हळू की वर पोचलं की नाही कळेना.

"मोठ्यानं सांग, माउली. लांब जायचंय त्याला."

मी ओरडले. गोंधळ्यांचं संबळ वाजत होतं, तरी मागच्या दोन रांगा वळल्या.

बानं घोंगडं डोक्यावरून खाली टाकलं. झाडावर चढल्यापासून पहिल्यांदाच त्याचं तोंड उघडं पडलं. उगवतीकडं तोंड करायचा नियम, पण सूर्य तर मावळतीकडं गेलेला. तो फांदीवर बसल्या बसल्या वळला, सूर्य होता तिकडं, आणि त्यानं मायचं नाव पुकारलं. एका घरात इतकी वर्षं राहून जे नाव त्यानं घेतलं नव्हतं ते त्यानं सगळा दम लावून पुकारलं, पुन्हा पुकारलं, आणि मग आवाज फाटला. "धरम पावला," हे त्यानं अगदी पुटपुटत म्हटलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डोंबाऱ्याच्या बाईनं तेवढे हात जोडले.

तो खाली उतरतोय तोच सर शाल घेऊन धावत आले. त्यांच्याबरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक जण होता. "बाबा, विलक्षण! हे फोटोत यायला हवं. पुन्हा एकदा वर चढाल का, फक्त दोन मिनिटं?" बानं त्यांना नमस्कार केला आणि शाल तशीच त्यांच्या हातात ठेवून आम्ही निघालो.

एस्टी स्टँडवर बा बाकावर बसून भाकरी खात होता. मला काय काय विचारायचं होतं. मी तिथं असेन का, हे त्यानं आधीच विचारून घेतलं होतं, ते का? माझ्यासाठीच आला होता का तो? की खरोखरच परक्या कुणाची वाट पाहत बसला होता आणि मी गेले म्हणून बरं झालं? मला 'माउली' म्हणाला ते रीत म्हणून, की आता मी त्याची राहिले नाही म्हणून?  शेवटी मी कसंबसं म्हटलं, "बा, मी दिलेलं चाललं ना रं?"

त्यानं उरलेल्या भाकरीतली अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.

"चालतंय की. लय येळ लावलास पन, पोरी."

तेवढ्यात वालूरची गाडी लागली आणि तो खिडकी धरायला पुढं गेला.